एका गुंठ्यात एक आंबा, की अर्ध्या गुंठ्यात आठ झाडं?

आंबा तेहेतीस फुटांवर लावायचा, असा आमच्या आजोबांच्या वेळचा दंडक. दहा मीटर बाय दहा मीटर. शंभर चौरस मीटर म्हणजे जवळजवळ एक गुंठाच. त्या हिशोबानं गुंठ्यात एक झाड बसतं, आणि घरामागे अर्धा गुंठा मोकळा उरलेल्या आजच्या नशीबवान माणसाच्या वाट्याला अर्धा आंबा येतो.

आजोबांचा हिशोब खोटा नव्हता. तो कधीही न छाटलेल्या झाडाचा होता. असं झाड तीस-चाळीस फूट वर जातं, तितकंच पसरतं, आणि फळ काढायला शिडी, झेला आणि धाडसी पोरगा लागतो. पुढे फळसंशोधकांनी झाड लहान ठेवून ती जागा भरून दाखवली. पाच बाय पाच मीटरवर गुंठ्यात चार आंबे बसतात. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून दिल्लीला तयार झालेली आम्रपाली मुळातच बुटकी, तिची शिफारस अडीच बाय अडीच मीटरची, म्हणजे गुंठ्यात सोळा. लखनौच्या केंद्रीय संस्थेनं पेरू दोन बाय एक मीटरवर लावून दाखवला, म्हणजे गुंठ्यात पन्नास! घन आणि अतिघन लागवड म्हणतात ती हीच.

शेतकऱ्याचा पन्नास पेरूंचा गुंठा आपल्याला परसात करायचा नाही. आपल्याला दोन पेरू, दोन आंबे, एक लिंबू, एखादं सीताफळ हवं असतं, आणि तेही वर्षभर थोडं थोडं. एका झाडाचे दीडशे आंबे आठ दिवसांत पिकले की चौघांच्या घरात काय होतं, हे ज्यानं भोगलंय त्याला लहान झाडाचं मोल वेगळं सांगायला नको.

माझं परस ३० फूट बाय १८ फूट आहे. ५४० चौरस फूट, अर्ध्या गुंठ्याला साडेचार चौरस फूट कमी. त्यात आठ झाडं आहेत. दर झाडाला सरासरी आठ बाय आठ फूट, म्हणजे आम्रपालीचे अडीच मीटरच. हे जमतं, पण त्यासाठी झाड कसं चालतं ते आधी समजून घ्यावं लागतं. नाहीतर पाचव्या वर्षी परसात जंगल उभं राहतं आणि फळं सगळी छपराच्या वर लागतात, वटवाघळांच्या सोयीला.

झाड वर का पळतं

फांदीच्या टोकाला जो शेंडा असतो तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली झिरपत राहतं, आणि त्याच्या धाकानं बाजूचे डोळे निजून राहतात. शेंडा खुडला की धाक संपतो आणि खालचे तीन-चार डोळे फुटतात. तुळशीची मंजिरी खुडली की तुळस डेरेदार होते, हे आपल्याला माहीत असतंच. आंब्याचं गणितही तेच आहे. तिथे आपला हात धजत नाही, इतकंच.

म्हणून सगळ्यात महत्त्वाची छाटणी पहिली. रोपवाटिकेतून हौसेनं आणलेलं चार फुटी कलम रुजलं, नवी पालवी आली, की त्याला गुडघ्याच्या जरा वर, दोन-सव्वादोन फुटांवर छाटायचं. कलमाचा जोड त्याच्या खाली राहिला पाहिजे, आणि जोडाखालून येणारे खुंटाचे, म्हणजे ज्याच्यावर कलम बांधलं त्या मूळ रोपाचे, फुटवे दिसले की लगेच काढायचे. घरचे ओरडतात. माझ्या आईनं दोन दिवस अबोला धरला होता. पण झाडाच्या पहिल्या फांद्या कुठून फुटणार हे त्या एका कापानं ठरतं. त्या चार फुटांवर फुटल्या तर झाड कायमचं उंच झालं म्हणून समजा, कारण खोडावर फुटलेली फांदी नंतर खाली सरकत नाही. खोड वाढतं ते टोकाकडून.

त्यातून तीन-चार फांद्या चहूबाजूंनी राखायच्या. त्या हातभर वाढल्या की पुन्हा शेंडे मारायचे. पहिली दोन-तीन वर्षं फळाचा विचार नाही, फक्त सांगाडा.

आंब्यात कापायची जागा नीट बघावी. आंब्याची फांदी टप्प्याटप्प्यानं वाढते, आणि दर टप्प्याच्या शेवटी पानांचा दाट झुबका असतो. तिथे डोळ्यांची अंगठीच असते म्हणा ना. अंगठीच्या वर कापलं तर एकाच जागेवरून सहा-सात फुटवे छत्रीच्या काड्यांसारखे निघतात, एकमेकांना ढकलतात, आणि पुढे फळाच्या भारानं तिथूनच चिरतात. अंगठीच्या खाली कापलं तर फुटवे मोजके येतात, अंतरा-अंतरानं येतात, पक्के बसतात. बोटभर अंतराचा फरक, पण मी पहिली दोन वर्षं चुकीच्या बाजूला कापत होतो.

सावलीचा हिशोब

जवळजवळ लावलेली झाडं भांडतात ती मुख्यतः उन्हासाठी. पाणी आणि खत आपण देऊ शकतो, ऊन देता येत नाही. सावलीत राहिलेली फांदी आधी फूल धरणं सोडते, मग पानं गाळते, मग वाळते. न छाटलेल्या आंब्याच्या पोटात शिरून वर बघा, आत नुसत्या काटक्या असतात. उत्पन्न सगळं वरच्या आणि बाहेरच्या कवचात.

पुणे-सातारा पट्ट्यात डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे कलून साधारण ४८-४९ अंशांवर असतो. तेव्हा दहा फुटी झाडाची सावली उत्तरेकडे जवळजवळ नऊ फूट पडते, पंधरा फुटीची तेरा फूट, आणि सात फुटी झाडाची सहा फूट. झाडं आठ फुटांवर असतील तर सात फुटांचं झाड मागच्याच्या पायाशी सावली टाकून थांबतं, पंधरा फुटांचं मागच्याला झाकून त्याच्याही पलीकडे जातं. अंतर आणि उंची ही एकाच हिशोबाची दोन टोकं आहेत. माझा नियम साधा आहे: हात वर करून बोटं पोचतील तेवढं झाड. आंब्याला फार तर आणखी एक फूट, कारण तो उत्तरेच्या टोकाला आहे.

इथे एक फसगत होते. बहुतेक लोक जागेची पाहणी उन्हाळ्याच्या सुट्टीत, मे महिन्यात करतात. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि सगळ्या परसात लख्ख ऊन दिसतं. आंब्याला मोहोर येतो तो मात्र सावल्या सगळ्यात लांब असतात त्या दिवसांत. जागा बघायची तर डिसेंबरात, आणि सकाळी नऊ, दुपारी साडेबारा, चार अशी तीनदा बघायची. माझं घर परसाच्या पश्चिमेला आहे. डिसेंबरात चारनंतर माझ्याकडे ऊन उरतच नाही, हे मला झाडं लावल्यावर कळलं.

मांडणी अशी: उत्तरेला दोन आंबे, त्यांच्या पुढे दोन सीताफळं, मग दोन पेरू, आणि दक्षिणेला लिंबू आणि अंजीर. उंच मागे, बुटकी पुढे, शाळेच्या फोटोसारखी. हे करूनही मी एक घोळ घातला. न्हाणीचं पाणी दक्षिणेच्या कोपऱ्यात जायचं, म्हणून तिथेच केळी लावली. पाण्याची सोय उत्तम! केळ दहा फूट गेली आणि तिच्या सावलीत लिंबानं दोन वर्षं नुसती पानं दिली. शेवटी पाइप लांबवून केळीचं बेट उत्तरेच्या भिंतीकडे नेलं.

फूल कोणत्या फांदीवर येतं?

कात्री हातात घ्यायच्या आधी हा एक प्रश्न प्रत्येक झाडाला विचारायचा. सरसकट ‘पावसाळ्याआधी छाटा’ असा सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नये. उत्तर झाडागणिक बदलतं, आणि आठ झाडं जवळ नांदवायची तर सगळी गंमत इथेच आहे.

पेरू सगळ्यात सरळ मनाचा. त्याला फूल नव्या फुटव्यावर, पानाच्या बेचक्यात येतं. म्हणजे छाटलं की फुटवा, फुटव्यावर फूल. मे महिन्यात गेल्या मोसमाची वाढ निम्मी छाटली की पावसाबरोबर नवे फुटवे येतात, त्यांच्यावर मृग बहार धरतो आणि फळ हिवाळ्यात मिळतं. हिवाळी पेरू गोड असतो, आणि पावसाळी पेरूत फळमाशीच्या अळ्या असतात. पावसाळ्यात पिकणारा बहार सोडून देण्यातच शहाणपण आहे. फांदी कापायची नसेल तर वाकवा: उभी फांदी सुतळीनं आडवी बांधली की शेंड्याचा धाक मोडतो आणि तिच्या पाठीवरचे डोळे ओळीनं फुटतात. सरदार पेरू म्हणजे एल-४९. नाव लखनौचं, निवड पुण्याच्या गणेशखिंडीतली. त्याच्या फांद्या आपणहूनच पसरतात, म्हणून परसात तो बरा.

आंबा उलटा. त्याचा मोहोर जून झालेल्या काडीच्या टोकाला येतो, कोवळ्या काडीला नाही. म्हणजे डिसेंबरात मोहोर हवा असेल तर ती काडी पावसाळ्यात फुटून दिवाळीपर्यंत तयार झाली पाहिजे. म्हणून आंब्याची छाटणी फळ उतरल्याबरोबर, जूनमध्ये, फार तर जुलैच्या सुरुवातीला. ऑक्टोबरात ‘जरा आटोपशीर करू’ म्हणून कात्री लावली तर त्या वर्षी पालवी मिळेल, आंबे नाहीत. हापूसचा स्वभाव एक वर्षाआड धरायचा; परसात दोनच आंबे लावायचे असतील तर मी आम्रपाली किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रत्ना सुचवीन, दोघं दरवर्षी धरतात. हापूसप्रेमींनी रागावू नये. तो बाजारातून आणता येतो.

अंजिराला नव्या वाढीवर पानागणिक फळ येतं, म्हणून ते जोरात छाटलं तरी रागावत नाही. पुरंदरकडचे बागायतदार त्याचे दोन बहार ओळखतात: पावसाळ्यात येणारा खट्टा आणि मार्च-एप्रिलचा मीठा. परसासाठी पावसाळा सरताना छाटून मीठा धरावा. मात्र अंजिराचं मूळ हावरं असतं, ड्रेनेजच्या पाइपाजवळ त्याला बसवू नका.

सीताफळ पानं गाळून विश्रांती घेतं, तेव्हा हिवाळा संपताना हलकी छाटणी करायची. नव्या फुटव्यावरही फूल येतं आणि जुन्या काडीवरही, त्यामुळे फार चुकायला वाव नाही. अडचण वेगळी असते: फुलं भरपूर, फळं चार. त्याचं फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं, त्यामुळे स्वतःचा पराग स्वतःच्या कामी फारसा येत नाही. हे काम बारीक भुंगेरे करतात, आणि शहरात ते कमी. सकाळी पूर्ण उघडलेल्या फुलातला पराग सुक्या रंगाच्या ब्रशनं टिपायचा आणि अर्धवट उघडलेल्या फुलात फिरवायचा. दोन झाडं शेजारी असली की एकावरून दुसऱ्यावर जाता येतं. मला हे काम चहाच्या आधीचं आवडतं काम वाटतं.

लिंबाला कात्री फारशी आवडत नाही. वाळलेल्या, आत घुसलेल्या फांद्या काढायच्या, आणि खोडातून सरळसोट वर पळणारे जाड फुटवे, ज्यांना शेतकरी पानसोट म्हणतात, ते काढायचे. त्याची मुळं वरच्या वर असतात, म्हणून खुरपं जपून. पानावर पक्ष्याची शीट दिसली तर हात लावून बघा, ती बहुधा फुलपाखराची अळी निघेल. चार-पाच दिवसांत ती अख्खी कोवळी पालवी संपवते.

पाणी कुणाला आणि उपास कुणाला

परदेशात, विशेषतः कॅलिफोर्नियाकडे, घरामागे एकाच खड्ड्यात दीड-दीड फुटावर तीन-चार झाडं लावायची आणि उन्हाळ्यात छाटून सगळी बुटकी ठेवायची अशी पद्धत आहे. वाचायला मोह होतो. पण ती झाडं पीच, प्लम, जर्दाळूची. थंडीत पूर्ण झोपतात, सगळ्यांना पाणी एकाच वेळी लागतं आणि एकाच वेळी नको असतं. आपल्याकडे तसं नाही.

आपल्याकडे बहार धरण्यासाठी झाडाला ताण देतात. पेरू, लिंबू, डाळिंब यांचं पाणी काही आठवडे तोडायचं, पानं मलूल होऊन थोडी गळू द्यायची, मग खत-पाणी दिलं की झाड फुलानं भरतं. जून-जुलैत फूल तो मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त, जानेवारी-फेब्रुवारीत आंबे बहार. केळीला आणि पपईला असा उपास सोसत नाही. आता पेरू आणि केळ एकाच आळ्यात असतील तर ताण कुणाला देणार? म्हणून माझ्याकडे ठिबकच्या दोन नळ्या आहेत, दोन वेगळ्या चाव्यांच्या. एकीवर केळ आणि सीताफळं, दुसरीवर पेरू आणि लिंबू. आंब्यांना पावसाळा संपल्यापासून मोहोरापर्यंत पाणी बंदच.

याच कारणानं पॅक्लोब्युट्राझोल परसात नको. आंब्याची वाढ रोखून मोहोर आणायला बागायतदार ते मुळाशी ओततात. ते मातीत बराच काळ टिकतं, आणि आठ फुटांवरच्या झाडांची मुळं एकमेकांत गुंतलेली असतात. औषध आंब्याला दिलं, वाढ खुंटली लिंबाची, असं होऊ शकतं.

एका बुंध्यावर दोन-तीन जाती भरणं हा जागा वाचवायचा आणखी एक मार्ग. मलीहाबादच्या कलीमुल्लाह खान यांनी एका आंब्यावर तीनशेहून जास्त जाती बांधल्या, त्यांना २००८ साली पद्मश्री मिळाली. आपण दोन-तीनवर थांबावं. जोमदार जात शेजारणीचं पाणी-ऊन पळवते, तेव्हा दरवर्षी तिलाच जास्त छाटावं लागतं.

काही झाडांनी मात्र या संसारात येऊच नये. नारळाला एकच शेंडा, तो कापला की झाड मेलं. फणस, जांभूळ, चिंच यांना सात फुटांवर रोखणं म्हणजे हत्ती गोठ्यात बांधणं. चिकू मंद वाढतो म्हणून लोक फसतात. त्याला फळ फांद्यांच्या टोकाकडे येतं, सगळी टोकं छाटली की फळंही गेली. तात्पुरती जागा भरायला पपई चांगली: पहिल्या वर्षातच धरते, दोन-तीन वर्षांत निरोप घेते, तोवर आंबे मोठे होतात.

रोगराईबद्दल थोडक्यात. फांद्या एकमेकींना टेकू देऊ नका. टेकल्या की मुंग्यांना पूल मिळतो, आणि मुंग्या सीताफळावरचा पिठ्या ढेकूण पेरूवर आणून सोडतात. जाड फांदी कापली की जखमेवर बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी या प्रमाणात, घरच्यासाठी त्याचा दहावा भाग पुरे. लोखंडाच्या भांड्यात कालवू नका, प्लास्टिकची बादली घ्या. पाचोळ्याचं आच्छादन घालाच, पण खोडापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी.

‘आधी दाट लावू, नको ते नंतर तोडू’ असा विचार असेल तर शहराच्या हद्दीत जपून. नागरी भागातल्या झाडांसाठी राज्यात १९७५ सालचा कायदा आहे, आणि स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. मला हे असं कळलं: दोन आंब्यांपैकी एक मी केसर म्हणून विकत घेतला होता. पाचव्या वर्षी त्याला फळ आलं ते रायवळ, आंबटढाण, नुसत्या दोऱ्या. कलमाची काडी केव्हाच मेली होती आणि मी खुंट वाढवत बसलो होतो. काढून टाकायला निघालो तर अर्ज, पाहणी, वाट बघणं. मग विचार बदलला. जूनमध्ये त्याचे शेंडे चार फुटांवर उतरवले, आलेल्या फुटव्यांपैकी तीन राखले, आणि ऑगस्टमध्ये ओळखीच्या माळ्याकडून त्यांच्यावर खऱ्या केसरच्या काड्या बांधून घेतल्या. तीनांपैकी दोन जगल्या. तिसऱ्या फुटव्यावर यंदा आम्रपाली बांधायची आहे, काडी शेजारच्याच झाडावरून.